व्हेक्टर पोटेन्शियल उत्तराशी जुळत नाही? खोडण्याआधी हे तपासा

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या वह्या तपासताना एक पान मला दरवर्षी भेटतं. प्रश्न साधा असतो: चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखं आहे, दिशा झेड, मूल्य बी. त्याचं व्हेक्टर पोटेन्शियल, म्हणजे ज्याचा कर्ल घेतला की हे क्षेत्र मिळतं ते ए, काढा. यंदाच्या वहीत एका विद्यार्थिनीनं निळ्या पेनानं लिहिलं होतं, ए = (०, बी·एक्स, ०). खाली कर्ल (एखादं क्षेत्र बिंदूभोवती किती फिरतं त्याचं माप) काढून पडताळाही घेतला होता, झेड घटक बरोबर बी आला होता. आणि मग त्या सगळ्यावर एक तिरकी रेघ. बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘उत्तर (−बी·वाय/२, बी·एक्स/२, ०) आहे. माझं कुठे चुकलं?’

तिचं काहीही चुकलं नव्हतं. बरोबर आलेलं, पडताळलेलं उत्तर तिनं फक्त छापील उत्तरासारखं दिसत नाही म्हणून खोडलं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट तिच्या हाताला लागली होती आणि तिला ती चूक वाटली.

ही अडचण वेगवेगळ्या वेषात येते. कुणाचं ए पुस्तकाशी जुळत नाही, कुणाचं इंटिग्रल अनंताला जातं, कुणाचं विद्युत क्षेत्र दुप्पट येतं, कुणाचा सॉल्व्हर मॅट्रिक्स सिंग्युलर आहे म्हणून थांबतो. मूळ एकच आहे: दिलेल्या क्षेत्रांना पोटेन्शियल एकमेव नसतं, आणि ते एकमेव करायला लागणारी अट आपण सांगायची विसरलेलो असतो. खाली मी वापरतो तो तपासण्यांचा क्रम देतो. ए म्हणजे व्हेक्टर पोटेन्शियल, व्ही म्हणजे स्केलर पोटेन्शियल, बी चुंबकीय क्षेत्र, ई विद्युत क्षेत्र, आणि लॅम्डा म्हणजे जागेचं व काळाचं कोणतंही सलग फलन.

मोकळीक येते कुठून

स्केलर पोटेन्शियलची मोकळीक सगळ्यांना पटते. कर्जतच्या फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. उंचीचा शून्य दुसरीकडे धरला तर पाटीवरचे आकडे बदलतील, पण बोरघाटाचा चढ ३७ ला १ होता तो ३७ ला १ च राहील. कर्जतला गाडीमागे लागणारी जादा इंजिनं चढ बघतात, पाटीवरचा आकडा बघत नाहीत.

उपमा इथेच सोडून द्यावी लागते. व्ही मध्ये स्थिर प्रश्नात फक्त एक आकडा मिळवायची मोकळीक आहे. ए मध्ये मात्र आख्खं फलन मिळवता येतं, प्रत्येक बिंदूला वेगवेगळं. बी = कर्ल ए, आणि ग्रेडियंटचा (फलन कोणत्या दिशेनं किती बदलतं ते सांगणाऱ्या व्हेक्टरचा) कर्ल नेहमी शून्य. त्यामुळे ए मध्ये कोणत्याही लॅम्डाचा ग्रेडियंट मिळवा, बी ला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘कर्ल ए = बी’ हे समीकरण ए बद्दल अर्धीच माहिती देतं. उरलेली अर्धी, म्हणजे ए चा डायव्हर्जन्स (बिंदूतून ते किती बाहेर पसरतं त्याचं माप) किती, हे निसर्ग सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं आणि त्या ठरवण्यालाच गेज निवडणं म्हणतात.

‘गेज’ म्हटलं की आपल्याला ब्रॉडगेज आणि मीटरगेज आठवतं, आणि ते अगदीच गैरलागू नाही. हरमान वाइल यांनी १९१८ मध्ये लांबीचं मापच जागेनुसार बदलू द्यायची कल्पना मांडली, तिथून हा ‘मापा’चा शब्द आला. ती कल्पना त्या रूपात टिकली नाही. १९२९ मध्ये वाइल यांनीच ती लांबीऐवजी क्वांटम तरंगाच्या फेजला लावली आणि आज आपण जो अर्थ घेतो तो पक्का झाला. शब्द मात्र जुनाच राहिला.

पहिली तपासणी: दोन उत्तरांची वजाबाकी

‘कोणतं बरोबर?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. दोन्ही ए ची वजाबाकी करा आणि तो फरक कशाचा ग्रेडियंट आहे का ते पाहा.

वरच्याच उदाहरणात, विद्यार्थिनीच्या उत्तरातून छापील उत्तर वजा केलं तर फरक येतो (बी·वाय/२, बी·एक्स/२, ०). पहिल्या घटकाचं वाय च्या दिशेनं डेरिव्हेटिव्ह बी/२, दुसऱ्याचं एक्स च्या दिशेनं डेरिव्हेटिव्ह बी/२. दोन्ही सारखे, म्हणजे कर्ल शून्य. आता लॅम्डा शोधायचा. पहिला घटक एक्स मध्ये इंटिग्रेट केला की बी·एक्स·वाय/२ मिळतं, आणि त्याचं वाय मधलं डेरिव्हेटिव्ह घेतलं की दुसरा घटक आपोआप येतो. लॅम्डा = बी·एक्स·वाय/२. काम झालं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि त्यांना जोडणारा लॅम्डाही हातात आहे. (०, बी·एक्स, ०) याला लान्डाऊ गेज म्हणतात, छापील उत्तराला सिमेट्रिक गेज. तिनं अजाणता एका नोबेल विजेत्याचं गेज निवडलं होतं.

पण मोकळीक आहे म्हणून काहीही चालतं असं नाही, आणि हीच वजाबाकी खरी चूकही पकडते. बऱ्याच वह्यांत सिमेट्रिक गेजचं ऋण चिन्ह गळतं आणि उत्तर येतं (बी·वाय/२, बी·एक्स/२, ०). छापील उत्तराशी त्याचा फरक (बी·वाय, ०, ०). याच्या पहिल्या घटकाचं वाय मधलं डेरिव्हेटिव्ह बी, दुसऱ्याचं एक्स मधलं शून्य. जुळत नाही, कर्ल शून्य नाही, म्हणजे हा गेजचा फरक नाही, ही चूक आहे. त्या ए चा थेट कर्ल काढून पाहा: शून्य येतो. चुंबकीय क्षेत्रच नाहीसं झालं.

दंडगोल निर्देशांकांत हमखास होणारी दुसरी चूक इथेच सांगून टाकतो. तिथे सिमेट्रिक गेजचा फाय घटक बी·एस/२ असतो, एस म्हणजे अक्षापासूनचं अंतर, फाय म्हणजे अक्षाभोवतीचा कोन. पुष्कळ जण बी·एस लिहितात, कारण कर्लमध्ये डेरिव्हेटिव्ह घेण्याआधी घटकाला एस नं गुणायचं आणि मग एस नं भागायचं हे विसरतात. मग क्षेत्र २बी येतं. असा दोनपटीचा घोळ दिसला की गेजकडे बोट दाखवू नका, कर्लचं सूत्र पाहा.

‘पण मी कूलॉम गेज घेतला होता, तरी दोन उत्तरं आली’

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

वर्गात ऐकलेलं असतं की डायव्हर्जन्स ए = ० ही कूलॉम गेजची अट घातली की गेज ठरला. आता लान्डाऊ गेजचा डायव्हर्जन्स काढा: शून्य. सिमेट्रिक गेजचा काढा: शून्य. दोन्ही कूलॉम गेजमध्येच आहेत आणि तरीही वेगळे आहेत!

कारण असं. दोन्ही ए चा डायव्हर्जन्स शून्य असेल तर त्यांच्या फरकाचाही शून्य, म्हणजे लॅम्डानं लाप्लासचं समीकरण (ग्रेडियंटचा डायव्हर्जन्स शून्य) पाळलं पाहिजे. लाप्लासची उत्तरं काही शून्यच असतात असं नाही. एक्स·वाय हे त्याचं चांगलं उत्तर आहे, आणि आपल्या लॅम्डात नेमकं तेच बसलंय. कूलॉम गेज मोकळीक कमी करतो, संपवत नाही. संपवायला सीमेवरची अट लागते.

विद्युतधारा मर्यादित जागेत असेल आणि आपण म्हटलं की ए अनंतावर शून्याकडे गेलं पाहिजे, तर काम होतं. मग लॅम्डाच्या ग्रेडियंटचा प्रत्येक घटक लाप्लास पाळतो आणि अनंतावर शून्य होतो. लाप्लासच्या उत्तराला आतल्या आत कमाल किंवा किमान मूल्य घेता येत नाही, म्हणून तो घटक सगळीकडेच शून्य. तेव्हा ए खरोखर एकमेव. हेल्महोल्ट्झच्या प्रमेयात ‘अनंतावर पुरेसं लवकर शून्य होणारं’ ही अट असते ती याच कामाची, आणि ती वाचताना डोळ्यांखालून निसटते.

आपल्या उदाहरणात क्षेत्र सगळीकडे एकसारखं आहे. ते निर्माण करणारी धारा अनंतावर ढकललेली आहे, ए अंतराबरोबर वाढत जातं, अनंतावर शून्य होण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून इथे एकमेव उत्तर मागणंच चूक. मागायचंच असेल तर प्रश्नात लिहावं: फक्त फाय दिशेचं, आणि अक्षाभोवती फिरवलं तरी न बदलणारं ए काढा. अशी सममितीची अट घातली की छापील उत्तर अचूक ठरतं. प्रश्न काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ही एक ओळ घाला. तिच्याअभावी मुलं बरोबर उत्तरं खोडतात.

अनंत लांबीच्या सरळ तारेचा त्रासही याच घरातला. धारेला अंतरानं भागून इंटिग्रेट करायचं नेहमीचं सूत्र लावलं की उत्तर अनंताला जातं आणि विद्यार्थी घाबरतात. तार आधी २एल लांबीची धरा. एल खूप मोठा असताना मध्याजवळ ए = (म्यू-नॉट·आय/२π) × लॉग(२एल/एस), आय म्हणजे धारा, म्यू-नॉट हा चुंबकीय स्थिरांक. एल वाढवत गेलं की हे फुगतं, पण फुगणारा भाग एस वर अवलंबून नाही, तो निव्वळ तारेच्या दिशेचा एक स्थिरांक आहे. स्थिरांक म्हणजे ‘स्थिरांक × झेड’ या लॅम्डाचा ग्रेडियंट. तो वजा करून टाका, गेजच बदललाय. उरतं ते −(म्यू-नॉट·आय/२π) × लॉग(एस/एस-नॉट), आणि एस-नॉट तुम्हाला हवा तो घ्या. दोन मित्रांची उत्तरं इथे फक्त एस-नॉट मध्ये वेगळी असतील.

मध्ये भोक असेल तर सावध

कर्ल शून्य आला म्हणून फरक ग्रेडियंटच असेल असं वर मी गृहीत धरलं. जागेत भोक असेल तर ते खरं नसतं.

दहावीच्या पुस्तकात ज्याला नालकुंतल म्हटलं होतं ते सोलेनॉइड घ्या, खूप लांब. त्रिज्या २ सेंटिमीटर, मीटरला १००० वेढे, धारा १ अँपिअर. आत बी साधारण १.२६ मिलिटेस्ला, बाहेर शून्य. काटछेदातून जाणारा फ्लक्स (बी गुणिले काटछेदाचं क्षेत्रफळ) १.५८ मायक्रोवेबर. बाहेर ए चा फाय घटक = फ्लक्स/(२π·एस), म्हणजे अक्षापासून १० सेंटिमीटरवर सुमारे २.५ मायक्रोवेबर प्रति मीटर.

विद्यार्थी म्हणतो, बाहेर बी शून्य आहे, ए चा कर्ल शून्य आहे, मग ए हा कशाचा तरी ग्रेडियंट आहे, मग गेज बदलून तो शून्यच करून टाकतो. लॅम्डाही सापडतो: −फ्लक्स × फाय/२π. कागदावर सगळं बिनचूक दिसतं.

अडचण फाय या कोनात आहे. सोलेनॉइडभोवती एक फेरी मारून त्याच जागी आलात की फाय २π नं वाढलेला असतो. म्हणजे त्याच बिंदूला लॅम्डाची दोन मूल्यं. असं बहुमूल्य फलन गेज बदलायला चालत नाही. म्हणून भोक असलेल्या जागेत दुसरी तपासणी लागते: भोकाभोवतीच्या बंद वाटेवर दोन्ही ए चं रेषा-इंटिग्रल काढा. दोन्ही सारखी आली तरच फरक गेजचा. आपल्या सोलेनॉइडभोवती ते कोणत्याही त्रिज्येला १.५८ मायक्रोवेबरच येतं, आणि ए = ० घेतलं तर शून्य. जुळत नाही. ए शून्य करणारा माणूस आतला फ्लक्सच नाकारतोय.

हा आकडा कागदापुरता नाही. धारा १ मिलिसेकंदात एकसमान वेगानं शून्यावर आणा. जिथे बी नव्हतंच त्या बाहेरच्या तारेच्या वेढ्यात १.५८ मिलिव्होल्ट मिळतील. क्वांटममध्ये तर याहून नाट्यमय घडतं. याकिर अहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्ये दाखवलं की सोलेनॉइडच्या दोन बाजूंनी गेलेल्या इलेक्ट्रॉन तरंगांमध्ये याच बंद वाटेच्या इंटिग्रलच्या प्रमाणात फेजचा फरक पडतो, इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्राचा स्पर्शही न होता. वर्नर एहरेनबर्ग आणि रेमंड सायडे यांच्या १९४९ च्या लेखातही तोच परिणाम आला होता. क्षेत्र थोडंफार बाहेर गळलं असेल ही शंका अनेक वर्षं लोकांनी घेतली. १९८६ मध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी चुंबकाचं सूक्ष्म कडं नायोबियमच्या सुपरकंडक्टर आवरणात पूर्ण बंद केलं, क्षेत्र बाहेर यायला जागा ठेवली नाही, आणि फेजचा फरक तरीही मिळाला. फ्लक्समध्ये एच/ई (प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार, इथे ई म्हणजे विद्युत क्षेत्र नव्हे) इतकी, म्हणजे सुमारे ४.१४ × १ भागिले १० चा १५ वा घात वेबर इतकी भर पडली की फेज पूर्ण एक फेरी करते. आपल्या टेबलावरच्या सोलेनॉइडच्या फ्लक्समध्ये अशा जवळपास ३८ कोटी फेऱ्या बसतात.

तेव्हा ‘ए ला काही अर्थ नाही, ते हिशेबाचं साधन आहे’ असं सरसकट म्हणू नका. एका बिंदूवरच्या ए ला अर्थ नाही. बंद वाटेवरच्या ए च्या बेरजेला आहे, कारण ग्रेडियंटची बंद वाटेवरची बेरीज शून्य होते आणि गेज तिला हात लावू शकत नाही.

काळ आला की व्ही ला विसरू नका

क्षेत्रं काळानुसार बदलू लागली की ई = −ग्रेडियंट व्ही − ∂ए/∂टी. आता ए मध्ये लॅम्डाचा ग्रेडियंट मिळवलात तर व्ही मधून ∂लॅम्डा/∂टी वजा करावंच लागतं. ही जोडी आहे, एकाला बदलून दुसऱ्याला तसंच ठेवता येत नाही.

विसरल्याचं लक्षण स्पष्ट असतं. एक्स दिशेचं एकसमान स्थिर क्षेत्र, मूल्य ई. एक जोडी: व्ही = −ई·एक्स, ए = ०. दुसरी जोडी: व्ही = ०, ए = −ई·टी, एक्स दिशेनं. लॅम्डा = −ई·एक्स·टी घेतला की पहिलीवरून दुसरी मिळते. पण कुणी ए बदललं आणि व्ही जुनाच ठेवला तर क्षेत्र २ई येतं. तुमचं विद्युत क्षेत्र बरोबर दुप्पट आलं असेल तर आधी इथे बघा.

दुसऱ्या जोडीत क्षेत्र स्थिर आहे, काहीच हलत नाही, आणि ए मात्र वेळेबरोबर वाढत चाललंय. स्थिर बिंदुप्रभारालाही असं करता येतं: व्ही सगळीकडे शून्य, आणि ए आत वळलेलं, टी च्या प्रमाणात वाढणारं. हे पाहून दचकू नका. ई काढा, कूलॉमचा नियमच परत येतो.

याच्या शेजारचा घोळ म्हणजे दोन गेजांची भेसळ. व्ही कूलॉम गेजमधून, ए लॉरेन्झ गेजमधून (ज्यात ए चा डायव्हर्जन्स व्ही च्या काळातल्या बदलाशी जोडलेला असतो), कारण दोन्हींची सूत्रं तशी सोपी आहेत. अशी भेसळ केली की ई चुकतं, आणि कुठे चुकलं ते सापडत नाही कारण दोन्ही सूत्रं आपापल्या जागी बरोबर असतात. कूलॉम गेजमध्ये व्ही सोपा असतो पण ए च्या तरंग-समीकरणात उजवीकडे पूर्ण धारा येत नाही, फक्त तिचा डायव्हर्जन्स नसलेला भाग येतो. तो वेगळा काढायचं काम कटकटीचं आहे, आणि नेमकं तेच वगळलं जातं. प्रारणाचा प्रश्न असेल तर मी सरळ लॉरेन्झ गेज घ्यायला सांगतो. तिथे व्ही आणि ए दोघंही एकाच जातीचं तरंग-समीकरण पाळतात आणि दोघांनाही उशिराच्या वेळेची, रिटार्डेड म्हणतात ती, सूत्रं लागू होतात.

कूलॉम गेजमधला व्ही लगेच बदलतो यानंही लोक अस्वस्थ होतात. सूर्यावर प्रभार हलला तर हा व्ही इथे त्याच क्षणी बदलेल, मग प्रकाशापेक्षा वेगानं बातमी आली का? नाही. ए मध्येही तसाच तात्काळ भाग असतो आणि ई काढताना दोन्ही एकमेकांना पूर्ण खोडतात. ई ला इथे पोचायला सुमारे ५०० सेकंदच लागतात. मोजणाऱ्याला ई दिसतं.

नावाबद्दल एक. हा गेज डेन्मार्कच्या लुडविग लॉरेन्झ यांचा, १८६७ सालचा. प्रभारावरच्या बलाचं सूत्र नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांच्या नावानं आहे. मराठीत दोघांची नावं सर्रास एकसारखी लिहिली जातात आणि लुडविग यांचं श्रेय नकळत पुसलं जातं. ते जपूया.

सॉल्व्हर अडला असेल तर

संगणकावर थ्री-डी मॅग्नेटोस्टॅटिक्स करणाऱ्यांना हेच दुखणं ‘मॅट्रिक्स सिंग्युलर’ या संदेशातून भेटतं. एज एलिमेंट (जाळीच्या कडांवर ए ची मूल्यं धरणारे घटक) वापरून कर्ल-कर्लचं समीकरण मांडलं की आतल्या प्रत्येक नोडमागे एक शून्य आयगेनव्हॅल्यू येते, कारण त्या नोडवरच्या लॅम्डाचा ग्रेडियंट बी ला दिसत नाही. संगणक फक्त सांगतोय की तुम्ही एकमेव उत्तर मागितलंच नाही.

उपाय दोन. डायरेक्ट सॉल्व्हर हवाच असेल तर ट्री-कोट्री पद्धतीनं जाळीतल्या काही कडांवर ए शून्य धरून मोकळीक बांधून टाका. नाहीतर कॉन्ज्युगेट ग्रेडियंटसारखा इटरेटिव्ह सॉल्व्हर घ्या. मोकळीक तशीच ठेवूनही तो चालतो. मात्र एक अट आहे, धारेचा डायव्हर्जन्स जाळीवरही शून्य हवा. एका कॉइलच्या मॉडेलमध्ये माझा रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) दहा हजारांशापर्यंत उतरून तिथेच घुटमळत राहिला. जाळी बारीक केली, प्रीकंडिशनर बदलला, दोन दिवस गेले. शेवटी कॉइलची भूमिती मोठी करून बघितली तर वेढ्याची दोन टोकं एकमेकांना टेकलेलीच नव्हती, मध्ये केसाएवढी फट होती. धारा एका टोकाला संपत होती आणि दुसऱ्या टोकाला कुठूनतरी सुरू होत होती. फट बुजवली आणि रेसिड्युअल सरळ अब्जांशाच्या खाली गेला. रेसिड्युअल अर्ध्यात थांबला तर आधी धारा बघा.

दोन सॉफ्टवेअरची उत्तरं ताडताना ए चे नकाशे शेजारी ठेवू नका, बी ठेवा. टू-डी मध्ये मात्र ए चा झेड घटक एवढाच उरतो, मोकळीक फक्त एका स्थिरांकाची, आणि त्याच्या समान मूल्याच्या रेषा म्हणजेच फ्लक्सच्या रेषा. तिथे ए चे नकाशे खुशाल ताडा, फक्त दोघांचा शून्य एकाच सीमेवर आहे ना ते बघा.

क्वांटममध्ये तिसरा जोडीदार

ए आणि व्ही बरोबर इथे तरंग-फलनाची फेजही बदलावी लागते: प्रभार × लॅम्डा भागिले एच-बार (म्हणजे एच/२π) इतकी. ती विसरली की अपेक्षित मूल्यं चुकतात. एकसमान क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनची तरंग-फलनं लान्डाऊ गेजमध्ये लांब पट्ट्यांसारखी दिसतात, सिमेट्रिक गेजमध्ये कड्यांसारखी. दोन चित्रं पाहून हे एकच भौतिकशास्त्र आहे यावर विश्वास बसत नाही. ऊर्जेच्या पातळ्या मात्र दोन्हींत त्याच, एच-बार ओमेगा × (एन + १/२), ओमेगा म्हणजे इलेक्ट्रॉनची क्षेत्रातली फिरण्याची कोनीय वारंवारता, एन म्हणजे ०, १, २… आणि ‘संवेग काढा’ असं विचारलं तर कोणता संवेग ते आधी विचारा. कॅनॉनिकल संवेग गेजबरोबर बदलतो. वस्तुमान × वेग हा संवेग, म्हणजे पी − क्यू·ए (पी कॅनॉनिकल संवेग, क्यू प्रभार), बदलत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी वहीत फक्त एवढंच लिहिलं: ‘दोन्हींचा फरक घे. कशाचा ग्रेडियंट आहे?’ दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. बी·एक्स·वाय/२ सापडलं होतं, आणि त्याखाली तिनं स्वतःहून तिसरं उत्तर लिहिलं होतं, (−बी·वाय, ०, ०). ‘सर, हेही चालेल ना? याचा आणि माझ्या पहिल्याचा लॅम्डा बी·एक्स·वाय येतोय.’ आधीच्या पानावरच्या तिरक्या रेघेखाली आता ठिपक्यांची ओळ होती, खोडलेलं पुन्हा ग्राह्य धरा असं सांगणारी.